कुठला ब्राउजर भारी? वाद सोडा, आपल्याच मशिनवर लावून बघा

क्रोमवाले म्हणतात क्रोमला तोड नाही, फायरफॉक्सवाले म्हणतात तुमची सगळी कुंडली गुगलकडे चाललीये, ब्रेव्हवाला मधेच येऊन ब्रेव्ह टाका म्हणून जातो, आणि एज वापरणारा बिचारा गप्प बसतो कारण त्याने तो निवडलेलाच नसतो, मशिनबरोबर आलेला असतो. खरं सांगायचं तर या वादात जो तो आपल्या सवयीची वकिली करत असतो. "फास्ट आहे" म्हणजे किती टॅब उघडे असताना, किती रॅमवर, कुठल्या साईटवर, हे कोणी सांगत नाही. म्हणून दुसऱ्याचं ऐकून ब्राउजर बदलू नका आणि दुसऱ्याचं ऐकून जुन्यालाच चिकटूनही बसू नका, तुमच्या रोजच्या साईट्स लावून तुम्हीच बघा. कसं बघायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे कोणाकोणाला शर्यतीत घ्यायचं. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे क्रोमियम या गुगलच्या खुल्या सांगाड्यावर बांधलेत, आतलं इंजिन (साईटचा कोड वाचून पान दाखवणारा भाग) एकच, ब्लिंक. ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो इंजिन २०१३ मध्ये सोडून दिलं आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये नवा एज आणला तोही क्रोमियमवरच. वेगळं इंजिन म्हणजे फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट, बस. त्यामुळे क्रोममध्ये एखादी साईट गंडली की लोक एजमध्ये उघडून बघतात त्याचा सहसा उपयोग होत नाही, फायरफॉक्समध्ये उघडून बघा, मग कळेल घोळ साईटचा आहे का ब्राउजरचा. तुलनेलाही तेच लागू आहे, पाचच्या पाच क्रोमियमवाले टाकून वेळ घालवू नका, सध्या जो वापरताय तो, त्याच जातीतला आणखी एक (माझं मत विचाराल तर ब्रेव्ह) आणि फायरफॉक्स, एवढे तीन पुरे. मॅक असेल तर सफारी आहेच. विंडोजसाठी सफारी शोधत बसू नका, ॲपलने ती २०१२ पासून बंद केलीये, कुठल्यातरी डाउनलोड साईटवर जुनी फाईल मिळते ती तर अजिबात टाकू नका.

आता सगळेजण जिथे गंडतात ती गोष्ट. जुन्या ब्राउजरमध्ये डझनभर एक्स्टेन्शन्स (ब्राउजरला वरून जोडलेली छोटी ॲप्स), ढीगभर हिस्टरी, आणि नवा टाकलेला एकदम कोरा करकरीत, मग नवा पळतोय असं वाटणारच ना! नवीन ब्राउजर टाकल्यावर पहिले दोन दिवस सगळेच खूश असतात ते याचमुळे. म्हणून जुन्या ब्राउजरमध्येही एक नवीन प्रोफाईल करा, क्रोम आणि एजमध्ये कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर क्लिक केलं की ॲड प्रोफाईल सापडतं, एक्स्टेन्शन एकही टाकू नका आणि त्यात टेस्ट करा. बरेचदा असं होतं की त्या कोऱ्या प्रोफाईलमध्येच जुना ब्राउजर इतका सुसाट चालतो की बदलायची गरजच राहत नाही, नको असलेली एक्स्टेन्शन्स उडवली की काम झालं.

टेस्ट अशी. मशिन रिस्टार्ट करा. एका वेळी एकच ब्राउजर उघडा आणि त्यात तेच टॅब त्याच क्रमाने लावा: तुमचा मेल, एक मोठी ऑनलाईन शीट, एक चालू व्हिडिओ, व्हॉट्सॲप वेब, आणि जाहिरातींनी भरलेली एखादी बातम्यांची साईट, ही शेवटची मुद्दाम घ्या. दहाएक मिनिटं नेहमीसारखं काम करा, मग विंडोजवर शिफ्ट दाबून एस्केप दाबा. क्रोम आणि एजमध्ये ब्राउजरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, फायरफॉक्समध्ये प्रोसेसचं पान उघडतं. मेमरीच्या कॉलमवर क्लिक करून जास्त वरती कमी खाली असं लावा आणि नीट वाचा. एक टॅब म्हणजे एक ओळ असं नसतं, बातम्यांच्या साईटच्या खाली सबफ्रेम नावाच्या ओळी दिसतील, त्या म्हणजे त्या पानात घुसवलेल्या दुसऱ्याच साईट्स, बहुतेक जाहिरातवाल्या. जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या कामाची, एक ओळ असते. एक्स्टेन्शन टाकलेलं असेल तर त्याची वेगळी ओळ, आणि एखादं व्याकरण तपासणारं किंवा कूपन शोधणारं एक्स्टेन्शन अख्ख्या मेलपेक्षा जास्त मेमरी खात बसलेलं दिसलं तर आश्चर्य मानू नका. ज्या ओळीचा त्रास आहे ती सिलेक्ट करून तिथूनच बंद करता येते.

क्रोम रॅम खातो म्हणून शिव्या घालायची पद्धतच पडलीये पण त्यामागचं कारणही बघा. २०१८ च्या सुरुवातीला प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची भानगड बाहेर आली, एका साईटचा कोड दुसऱ्या साईटची मेमरी चोरून वाचू शकेल अशी भीती होती, त्यानंतर क्रोमने प्रत्येक साईट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे मेमरीच्या स्वतंत्र कप्प्यात, कोंडायला सुरुवात केली, पुढे फायरफॉक्सनेही तेच केलं. म्हणजे थोडी रॅम तुमच्याच सुरक्षेसाठी जाते. सोळा जीबीवाल्याने तो आकडा बघून रक्त आटवू नये, मोकळी रॅम साठवून काही मिळत नाही. चार किंवा आठ जीबीवाल्यांना मात्र खरंच फरक पडतो, त्यांनी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी सेव्हर चालू करावं, एजमध्ये स्लीपिंग टॅब्स आहेत, न वापरलेले टॅब झोपवून ठेवतात. तोटा इतकाच की झोपलेल्या टॅबवर परत गेलात की पान नव्याने लोड होऊ शकतं, त्यामुळे ज्या साईट्स सतत जाग्या हव्यात त्या तिथल्याच अपवादाच्या यादीत टाकून द्या.

स्पीडमध्ये आता उन्नीस-बीसचा फरक राहिलाय, खरा फरक जाहिराती अडवण्यात आहे. क्रोमने एक्स्टेन्शन्सचे नियम बदलले (मॅनिफेस्ट व्ही थ्री म्हणतात ते) आणि त्यामुळे पूर्ण ताकदीचं युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन क्रोममधून गेलं, आता तिथे त्याचं लाईट व्हर्जन मिळतं. ते वाईट नाही, साध्या वापराला चालतं, पण जाहिरातवाल्यांनी नवीन युक्ती काढली की त्याला उत्तर द्यायला लाईटचे हात बांधलेले असतात. फायरफॉक्समध्ये पूर्ण युब्लॉक अजून चालतं. ब्रेव्हचा ब्लॉकर ब्राउजरमध्येच बसवलेला आहे, एक्स्टेन्शनच्या नियमांशी त्याचा संबंध नाही. मघाचीच बातम्यांची साईट तिन्हींमध्ये उघडा, फायरफॉक्समध्ये युब्लॉक टाकून आणि क्रोममध्ये लाईट टाकून, आणि बघा बातमी किती सेकंदांत वाचायला मिळते ते. आकडेमोडीची गरजच पडत नाही, डोळ्यांना दिसतं. ब्लॉकरमुळे कधी कधी साईट मोडते, बटण दाबलं तरी काही होत नाही, पेमेंटचं पान पांढरं येतं, तेव्हा ब्राउजरला दोष द्यायच्या आधी ब्लॉकर त्या साईटपुरता बंद करून बघा, ब्रेव्हमध्ये ॲड्रेस बारशेजारच्या सिंहावर क्लिक करायचं.

प्रायव्हसीबद्दल थोडक्यात. एका साईटवर बूट बघितले की दुसऱ्या साईटवर बूट मागे लागतात ते थर्ड पार्टी कुकीजचं काम, म्हणजे तुम्ही उघडलेल्या साईटने नाही तर दुसऱ्याच कोणीतरी तुमच्या ब्राउजरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या चिठ्ठ्यांचं. सफारीने त्या २०२० मध्ये सरसकट बंद केल्या, फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साईटच्या कुकीज वेगवेगळ्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली, गुगलने क्रोममधून त्या काढणार म्हणून २०२० मध्ये जाहीर केलं आणि २०२४ मध्ये तो बेत गुंडाळला. क्रोममध्ये त्या तुम्ही स्वतः बंद करू शकता, सेटिंग आहे, पण आपणहून कोण जातंय तिथे. गंमत म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गुगल सर्च डिफॉल्ट ठेवण्याच्या पैशातून येतं, त्यामुळे फायरफॉक्सवाल्यांनीही फार कॉलर ताठ करू नये. आणि इन्कॉग्निटो म्हणजे अदृश्य होणं नाही हो, फक्त तुमच्या मशिनवर हिस्टरी राहत नाही, ऑफिसच्या नेटवर्कला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या साईटवर गेलात ते दिसू शकतं आणि डाउनलोड केलेली फाईल फोल्डरमध्ये तशीच पडून राहते.

एखादा आवडला तर सामान हलवायचं. बुकमार्क्स सोपे, नव्याच्या सेटिंग्जमध्ये इम्पोर्ट आहे. पासवर्ड तिथूनच आले तर उत्तम, नाही आले तर जुन्यातून सीएसव्ही फाईल एक्स्पोर्ट करावी लागते, आणि इथे सावध राहा, ती फाईल एक्सेलमध्ये उघडून बघा, साईट, युजरनेम, पासवर्ड, तिन्ही कॉलम कोणालाही वाचता येतील असे उघडे असतात. इम्पोर्ट झाल्या झाल्या ती डिलीट करा, रिसायकल बिन रिकामा करा, तुमचा फोल्डर क्लाउडवर सिंक होत असेल तर तिकडूनही काढा. स्वतःला मेल करून ठेवणं वगैरे प्रकार अजिबात नको. नव्या ब्राउजरमध्ये सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल, तेव्हा ओटीपीसाठी फोन जवळ असेल अशाच वेळी बसा.

मग तो डिफॉल्ट करा आणि आठवडाभर त्यावरच राहा. या आठवड्यात बँकेची साईट, ऑफिसचं पोर्टल, व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअर आणि प्रिंट या चार गोष्टी मुद्दाम करून बघा, कारण नवा ब्राउजर अडतो तो इथेच. एखादी साईट फक्त क्रोमियमवरच चालत असेल तर तेवढ्यासाठी एज ठेवा, विंडोजवर तो असतोच. मी तसंच करतो, वाचन, मेल, बाकी सगळं फायरफॉक्सवर आणि हट्टी साईट्स दुसरीकडे. फोनवर मात्र हिशोब वेगळा, अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये युब्लॉक टाकता येतं, तिथल्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन्सच नाहीत. आयफोनवर युरोपियन युनियन आणि जपान सोडलं तर कुठलाही ब्राउजर घ्या, आत वेबकिटच चालतं, त्यामुळे तिथे फक्त कोणाशी सिंक करायचंय ते बघून ठरवा.

जुना ब्राउजर लगेच अनइन्स्टॉल करू नका, एखादा पासवर्ड हटकून मागे राहिलेला असतो. महिनाभराने त्यातले सेव्ह केलेले पासवर्ड आणि कार्ड्स काढून टाका, पण त्याआधी सिंक बंद करून साईन आउट व्हा आणि साईन आउट होताना या मशिनवरचा डेटाही पुसू का असं विचारलं तर हो म्हणा. सिंक चालू ठेवून पुसत बसलात तर तेच पासवर्ड फोनवरूनही उडतील.