फॅक्ट आणि ओपिनियन शिकवताना या चुका टाळा

मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला हा भाग बहुतेक वेळा झटपट उरकतो. फळ्यावर दोन रकाने आखायचे, एकात फॅक्ट, दुसऱ्यात ओपिनियन, दहा वाक्यं वाटून टाकायची. मुलं पटापट उत्तरं देतात आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. नंतर निबंधाच्या वह्या हातात आल्या की ‘माय व्हिलेज इज द बेस्ट व्हिलेज इन द वर्ल्ड’ हे वाक्य गावाच्या लोकसंख्येइतक्याच ठामपणे लिहिलेलं सापडतं. मुलांना समजलं नाही म्हणून हे होत नाही. शिकवतानाच काही घोळ करून ठेवलेले असतात.

पहिला घोळ व्याख्येत. ‘फॅक्ट म्हणजे खरं’ असं एकदा सांगून टाकलं की मुलं त्याचं उलटंही आपोआप धरतात: खोटं असेल ते ओपिनियन. मग ‘गोवा बिकेम अ स्टेट इन 1961’ हे वाक्य द्या आणि गंमत बघा. ज्याला इतिहास येतो तो म्हणतो, चूक आहे, म्हणजे ओपिनियन. वास्तविक 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, राज्याचा दर्जा मिळाला 30 मे 1987 ला. वाक्य चुकीचं आहे, पण ते कुणाचं मत नाही. पुस्तक उघडून त्याचा निकाल लावता येतो. म्हणून ‘खरं की खोटं’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘हे तपासता येईल का, आणि कुठे?’ एवढंच विचारावं. तपासून चुकीचं निघालं तर ती चुकीची माहिती. तिच्यासाठी हवा तर फळ्यावर तिसरा रकाना आखा, माझी हरकत नाही.

याचंच भावंड म्हणजे ‘फॅक्ट कधी बदलत नाही’ हे वाक्य. 2006 पर्यंत आपण मुलांना नऊ ग्रह पाठ करायला लावत होतो. त्या वर्षी प्लुटो बटुग्रहांच्या यादीत गेला आणि आठ उरले.

दुसरी चूक खुणेच्या शब्दांची. ‘आय थिंक’, ‘बेस्ट’, ‘ब्यूटिफुल’ दिसलं की ओपिनियन, आकडा दिसला की फॅक्ट, हे सूत्र चाचणीत मार्क मिळवून देतं, म्हणून आपल्यालाही आवडतं. पण ‘आय थिंक द लास्ट एसटी लीव्ज ॲट एट थर्टी’ हे मत नाही, अंदाज आहे. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारलं की संपलं. ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’ यात ‘हायेस्ट’ आहे म्हणून मुलं ते ओपिनियनमध्ये टाकतात. उंची 1646 मीटर, मोजलेली आहे, वाद कसला? उलट ‘राजगड इज मोर ब्यूटिफुल दॅन रायगड’ यात ‘आय थिंक’ कुठेच नाही, तरी ते शंभर टक्के मत आहे. आणि ‘नाइन्टी पर्सेंट पीपल लाइक क्रिकेट’ मधला आकडा हवेतून आलेला असतो. या चार वाक्यांवर वर्गात भांडण लावून द्या. दहा सोप्या वाक्यांपेक्षा जास्त काम होतं.

आता खरा गुंता. वर्कशीटमधली वाक्यं सुटी असतात, लिहिताना मात्र दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात. दहावीला बातमी लिहायला येते, तिथे हे उघडं पडतं. स्नेहसंमेलनाची बातमी म्हटली की वहीत ठरलेला मजकूर: ‘द ॲन्युअल गॅदरिंग वॉज सेलिब्रेटेड विथ ग्रेट एन्थुझिॲझम. द डेकोरेशन वॉज व्हेरी ब्यूटिफुल. ऑल द स्टुडंट्स एन्जॉइड अ लॉट.’ गाईडमधून आलेली ही वाक्यं कुठल्याही शाळेला, कुठल्याही वर्षी चालतात. जो त्या दिवशी आला नव्हता त्याला यातून काय कळलं? गर्दी होती एवढंसुद्धा नाही.

अशा वेळी वाक्य खोडू नका, प्रश्न विचारा. ‘उत्साह होता हे तुला कशावरून कळलं?’ मुलगा म्हणतो, सर, हॉल भरला होता, पालक खिडक्यांतून बघत होते. लिही मग: ‘द हॉल वॉज फुल अँड सम पेरेंट्स वॉच्ड फ्रॉम द विंडोज.’ इंग्रजी साधंच, पण आता ते तपासता येतं. नाच छान झाले हे सांगायचंच असेल तर ते कुणाच्या तरी तोंडी घालावं: ‘द चीफ गेस्ट सेड दॅट द डान्सेस वेअर द बेस्ट पार्ट.’ पाहुणे असं म्हणाले की नाही हे विचारून बघता येतं. ते जे म्हणाले ते मात्र त्यांचं मत. हा पदर मुलांना एका तासात उलगडत नाही, दोन-तीन बातम्या लिहून झाल्यावर उलगडतो.

एवढं जमलं की मुलं दुसऱ्या टोकाला जातात. मत म्हणजे काहीतरी कमी प्रतीचं असं वाटून निबंधातून ते हद्दपार होतं. मग ‘माय फेवरिट फोर्ट’ या विषयावर तटबंदीची लांबी, दरवाजांची नावं आणि 1674 सालचा राज्याभिषेक एवढंच उरतं. फेवरिट का, ते नाहीच. ही चूक मुलांपेक्षा आपली, कारण वर्गात ओपिनियनच्या रकान्याकडे आपण नाक मुरडून बघतो. मत लिहायलाच हवं, फक्त त्याच्यामागे ‘बिकॉज’ यावं आणि त्या ‘बिकॉज’नंतर एक तरी गोष्ट दुसऱ्याला जाऊन बघता येण्यासारखी असावी.

वह्या तपासताना माझा कल असा: या स्वाध्यायात स्पेलिंगच्या मागे लागायचं नाही. माहितीच्या वाक्याशेजारी ‘हाउ डू यू नो?’ आणि मताच्या वाक्याशेजारी ‘व्हाय?’, समासात एवढंच लिहायचं. काही मुलं त्यावर गप्प बसतात. त्यांना विचार सुचत नाही असं आपण धरून चालतो, पण बऱ्याचदा अडतं ते इंग्रजीशी. त्यांना कारण आधी मराठीत सांगू द्यावं, वर्गासमोर नको, टेबलापाशी बोलावून. दोन वाक्यांत नीट सांगितलं तर इंग्रजीत मांडायला त्याच तासाला मदत करता येते. मराठीतही ‘असंच, आवडतं म्हणून’ याच्या पुढे गाडी सरकली नाही, तर त्या दिवशी इंग्रजी वाक्याचा आग्रह सोडून द्यावा.