एकाला हसवलं की दुसराही हसतो?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एकाच पात्राच्या दोन प्रती ठेवल्या, एकाच्या शेप की (चेहऱ्याचे साठवून ठेवलेले आकार) मधला हसण्याचा स्लायडर ओढला आणि शेजारचाही दात काढायला लागला, तर घाबरू नका. फाइल बिघडलेली नाही. बहुतेक वेळा प्रत ऑल्ट+डी दाबून काढलेली असते. त्यात ऑब्जेक्ट दोन होतात, पण मेश (म्हणजे पात्राचा आकार बनवणारी जाळी) एकच राहतो, आणि शेप की मेशसोबतच असतात. शिफ्ट+डी दाबलं असतं तर मेशही वेगळा झाला असता.

नव्या पात्राचा मेश निवडा आणि उजवीकडच्या हिरव्या त्रिकोणाच्या टॅबमध्ये जा. वरती मेशच्या नावाला चिकटून 2 असा आकडा दिसेल. म्हणजे दोन वाटेकरी. त्या आकड्यावर क्लिक केलं की वाटणी झाली! मटेरियल टॅबमध्येही असाच आकडा असतो. एकाचा सदरा निळा करताना दुसऱ्याचाही होतो, तो त्यामुळेच.

तरीही चेहरा ऐकत नसेल तर स्लायडरचा रंग बघा. जांभळा असेल तर त्यावर ड्रायव्हर आहे, म्हणजे तो स्लायडर दुसरंच काहीतरी चालवतंय. राइट-क्लिक करून एडिट ड्रायव्हर उघडा आणि आत कोणत्या रिगचं (पात्र हलवणाऱ्या सांगाड्याचं) नाव आहे ते वाचा, जुनं असेल तर नवं निवडा. मी एकदा तासभर मेशशी झगडलो होतो, आणि नाव निघालं पहिल्याच रिगचं. फक्त मेशची प्रत काढली असेल तर मेशला रिगशी जोडणाऱ्या आर्मेचर मॉडिफायरमधलं नावही जुनंच राहतं, तिथेही नावामागे '.001' लागलेलं नवं रिग निवडा.