महामार्गावर समोरासमोर धडकेत मृत्यू झाल्यास पोलिसांचे कागद कसे मिळवावेत

समोरासमोरच्या धडकेत बऱ्याचदा एका गाडीतलं कुणी सांगायलाच उरत नाही. जो वाचतो त्याचा जबाब आधी नोंदला जातो, आणि कधीकधी गेलेला माणूसच एफआयआरमध्ये आरोपी ठरतो. म्हणून घरच्यांनी एफआयआरची प्रत हातात आली की थांबू नये. घटनास्थळ पंचनामा मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.

सुरुवात हद्दीपासून करा. मदतीला महामार्ग पोलीस आधी पोहोचले असले, तरी गुन्हा स्थानिक पोलीस ठाण्यात नोंदला जातो. तिथून गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि तपास अधिकाऱ्याचं नाव व फोन लिहून घ्या. पुढचा प्रत्येक अर्ज या नंबरावरच चालतो.

जखमीचा मृत्यू दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात झाला असेल, तर घोळ इथेच होतो. मरणोत्तर पंचनामा रुग्णालयाच्या हद्दीतलं ठाणं करतं, अकस्मात मृत्यूची नोंदही तिथेच होते, आणि मग कागद अपघाताच्या ठाण्याकडे वर्ग होतात. ते वाटेत रखडले की दोन्ही ठाणी एकमेकांकडे बोट दाखवतात. रुग्णालयाकडच्या ठाण्यातून अकस्मात मृत्यू नोंद क्रमांक आणि कागद पाठवल्याचा जावक क्रमांक मागून घ्या. तो दाखवला की शोध लवकर लागतो.

आता अर्ज. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य द्यावी, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं, आणि पीडित या शब्दात कायदेशीर वारसही येतात. सोबत तुमचं ओळखपत्र आणि मृताशी नातं दाखवणारा कागद जोडा. त्याच अर्जात घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि दोन्ही वाहनांचा आरटीओ तपासणी अहवाल नाव घेऊन मागा. दोन्ही चालकांचे परवाने, वाहनांची नोंदणीपत्रं आणि विमा पॉलिसी यांच्या प्रतीही मागा. नुसतं ‘सर्व कागद द्यावेत’ असं मोघम लिहू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्याच.

पंचनामा मिळाला की शांतपणे, शक्यतो सोबत कुणाला तरी बसवून, वाचा. दुभाजक होता का, रस्त्याची रुंदी किती, ब्रेकच्या खुणा आणि काचांचा खच कोणत्या बाजूला, गाड्या कुठे थांबल्या, हे पाहा. काचा तुमच्या माणसाच्या बाजूला पडल्या असतील आणि एफआयआर मात्र त्यालाच दोष देत असेल, तर ही विसंगती तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. पोलीस अधीक्षकांनाही प्रत पाठवा. एफआयआर म्हणजे निकाल नव्हे. गाडीत नुसता प्रवासी असलेल्याच्या वारसांना तर चालक कोणताही चुकला असला तरी नुकसानभरपाईचा दावा करता येतो.

मोटार वाहन नियमांत २०२२ पासून पोलिसांवरच मुदती आहेत. प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाकडे, जायला हवा. पीडितांचे हक्क सांगणारा फॉर्मही कुटुंबाला १० दिवसांत द्यायचा असतो. तो मिळाला नसेल तर मागा.

ठाण्यात टाळाटाळ झाली तर पोच जोडून पोलीस अधीक्षक कार्यालयात तक्रार करा. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर न्यायालयाच्या नक्कल विभागातून प्रमाणित प्रती मिळतात. मात्र तोवर वाट पाहत बसू नका. नुकसानभरपाईच्या अर्जाला कायद्यात अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. एखादा कागद यायचा राहिला असला तरी वकिलाच्या सल्ल्याने अर्ज आधी दाखल करा. उरलेला कागद न्यायाधिकरणामार्फत पोलिसांकडून मागवता येतो.