उंची जुळवा, मगच हड सजवा

फ्लाइटगिअर या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरमध्ये कीबोर्डवरचं एच दाबलं की समोरच्या दृश्यावर उंची, वेग, दिशा यांचे आकडे उमटतात, तोच हड (हेड-अप डिस्प्ले). तो आपल्या सोयीने मांडायचा तर हडच्या मूळ एक्सएमएल फाइलची प्रत काढा आणि बदल प्रतीतच करा.

पण एकही ओळ बदलण्याआधी विमान छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीवर उभं करा आणि अल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र, वाचा. इथली समुद्रसपाटीपासूनची उंची 1,911 फूट. काट्यावर तेवढेच आले पाहिजेत, 75 फुटांपेक्षा जास्त फरक चालणार नाही. खरं हवामान चालू ठेवलंय, दाब 1003 हेक्टोपास्कल आहे आणि अल्टिमीटरवर लावलेला दाब अजून 1013 च आहे, तर उभ्या विमानात जवळपास 2,190 दिसतील. म्हणजे हवेत आपण समजतो त्यापेक्षा पावणेतीनशे फूट खाली असतो. आपल्याकडे दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, फ्लाइटगिअरच्या आतली नोंद मात्र पाऱ्याच्या इंचांत. 0.02953 ने गुणा: 1003 चे 29.62.

आता उंचीची ओळ. प्रॉपर्टी ब्राउझरमध्ये, म्हणजे सिम्युलेटरच्या आतल्या नोंदींच्या यादीत, उंचीचे दोन आकडे सापडतात. 'पोझिशन'खालची खरी उंची, 'इन्स्ट्रुमेंटेशन'खालच्या अल्टिमीटरची दाखवलेली उंची. उड्डाण दुसरीवर चालतं, हडवर तीच घ्या. पहिली घेतलीत तर दाबाची चूक हडवर कधीच दिसणार नाही, आकडा नेहमी बरोबरच वाटेल. म्हणून पुन्हा सांगतो, आधी जमिनीवर उंची जुळवा.

चढ-उताराचा वेग सेकंदाला फूट असा नोंदवलेला असतो. 60 ने गुणलं नाही तर मिनिटाला 600 फूट उतरताना हडवर नुसते 10 दिसतात आणि सगळं शांत वाटतं.

वेग वेगमापकाने दाखवलेलाच ठेवा, जमिनीवरचा वेगळा. मे महिन्यात 40 अंशांच्या उन्हात इथे हवा इतकी विरळ होते की 65 नॉट दाखवत असताना, वारा नसला तरी, जमिनीवरचा वेग 70 च्या घरात जातो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून गल्लत करू नका, मधे जागा सोडा.

दिशा चुंबकीयच घ्या. मराठवाड्यात चुंबकीय फरक, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतलं अंतर, जेमतेम अंशभर, म्हणून चुकीची ओळ निवडली तरी इथे कळत नाही. न्यूयॉर्कला तोच फरक सुमारे 13 अंशांचा, तिथे धावपट्टीशी रांगच लागणार नाही.

मांडणीत फार वेळ घालवू नका. मधला भाग मोकळा, धावपट्टी तिथेच दिसते. आकडे कडेला, दशांश काढून टाका. हिरवा रंग पावसाळ्यातल्या शेतांवर पुसट होतो, भरदुपारी आणि रात्री दोन्ही वेळी तपासा.

फाइलमधला एक टॅग (कोनी कंसातली खूण) बंद करायचा राहिला तर फाइल वाचलीच जात नाही, मग लॉग, म्हणजे चुकांची नोंद, बघा. बदल केल्यावर डीबग मेन्यूतून हड पुन्हा लोड करा. प्रत फ्लाइटगिअरच्या फोल्डरबाहेर ठेवा, नवी आवृत्ती टाकताना तो फोल्डर पुसला जातो.

नांदेडला जाताय? तिथली उंची वेगळी, दाबही वेगळा. उतरण्याआधी तिथला दाब लावा, उतरल्यावर उंची पुन्हा जुळवा.