भाचीची फाइल

माझी भाची मेलबर्नला ऑस्टिओपॅथ आहे, म्हणजे हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करते. दिवाळीला सांगलीत आली आणि दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप उघडून बसली. "मावशी, वेदना-व्यवस्थापनातलं प्रगत मानांकन पाहिजे. अर्जाची फाइल बघ की जरा." मी विश्रामबागेत 22 वर्षं फिजिओथेरपी करते, ऑस्टिओपॅथी नाही. पण केस कशी लिहावी, हे चुका करून करून कळलंय.

ऑस्ट्रेलियात काम करायला ऑस्टिओपॅथी बोर्डाची नोंदणी लागते. प्रगत मानांकन वेगळं. ते 'ऑस्टिओपॅथी ऑस्ट्रेलिया' ही व्यावसायिक संघटना देते. ते मिळालं तरी पाटीवर 'स्पेशालिस्ट' लिहायचं नाही. तिथल्या कायद्यात ऑस्टिओपॅथीला स्पेशालिस्ट नोंदणीच नाही. आपल्याकडे हा शब्द पानपट्टीवरसुद्धा सापडेल! भाचीने बायोडेटात तीनदा लिहिला होता, तिन्ही ठिकाणी खोडला.

अशी फाइल करायची तर क्षेत्र एकच धरा. शनिवार-रविवारच्या कोर्सची सर्टिफिकेटं एका पानात उरका आणि ते पान मागे लावा. पुढे केसेस येऊ देत.

भाचीच्या सहा केसेस होत्या आणि सहाही पेशंट ठणठणीत. म्हटलं, "अगं, ही फाइल आहे का लग्नाचा अल्बम?" मग तिला माझी एक जुनी नोंद काढून दाखवली. हळदीच्या बाजारातला हमाल, कंबर धरलेली. टेबलावर पालथा झोपायच्या तयारीत होता. सहज विचारलं, लघवी नीट होतेय ना? तर म्हणाला, काल रात्रीपासून जोर करावा लागतोय, आणि सायकलच्या सीटवर बसलं की खाली बधिर वाटतं. कण्याच्या खालच्या टोकाच्या नसांवर दाब आला की असं होतं आणि तिथे तास मोजावे लागतात. मी हात लावला नाही. रिक्षात बसवून तसाच मिरजेला हॉस्पिटलात पाठवला. आणि नोंदीत काय लिहिलं? 'कंबरदुखी. रेफर.' एवढंच! काय विचारलं, काय ऐकून थांबले, कुणाला फोन केला, काहीच नाही. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे दोन शब्द.

तेव्हा प्रत्येक केसमध्ये लिहा: आधी काय वाटलं, कशामुळे मत बदललं, काय करायचं टाळलं. न जमलेली एक केस तरी घाला. डॉक्टरांना पाठवलेलं पत्र आणि त्यांचं उत्तर जोडा. वेदना दहापैकी 8 वरून 3 वर आली, एवढ्यावर थांबू नका. माणूस परत कामावर गेला का, रात्री झोपतो का, तेही येऊ दे.

पेशंटची लेखी संमती घ्या. नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं नाही. हमालाची केस तुम्हाला सांगतानासुद्धा मी दोन-तीन गोष्टी बदलल्यात. भाची म्हणाली, "मेलबर्नमध्ये कोण ओळखणार गं?" मी विचारलं, गणपतीला तुमच्याकडे किती सांगलीकर जमतात? हसली, आणि तिच्या पेशंटच्या दुकानाचं नाव काढून टाकलं.