उंचीची भीती कशी घालवावी: एकेक पायरीवर थांबत

तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत जायचं टाळणारा माणूस खरं कारण क्वचितच सांगतो. बाहेर ऊन फार आहे म्हणतो, फोन आल्याचं निमित्त करतो, नाहीतर दाराला पाठ लावून गप्पा मारत बसतो. ‘उंचीची भीती वाटते’ म्हटलं की समोरून ठरलेला सल्ला येतो: ‘खाली बघू नकोस, झालं!’ हा सल्ला कुचकामी आहे. खाली न बघता जन्मभर पूल ओलांडता येतात आणि भीती जिथल्या तिथे राहते. ती घालवायची तर खालीच बघावं लागतं, फक्त कुठून आणि किती वेळ बघायचं हे आधी ठरवून.

आधी भीती आहे की भोवळ, ते ओळखा

उंचावर थोडं डोलल्यासारखं वाटणं हा आजार नाही. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि स्नायू व सांधे. आपण स्थिर उभे असतो तेव्हाही शरीर किंचित हलत असतं. जवळची भिंत किंवा खुर्ची त्या हालचालीने नजरेत जराशी सरकते आणि मेंदू तोल सावरून घेतो. उंच जागी जवळ काहीच नसतं, आणि जमीन इतकी लांब असते की तिचं सरकणं डोळ्यांना जाणवत नाही. म्हणून शरीर जरा जास्तच डोलतं. घाबरट माणूस या डोलण्याचा अर्थ ‘आता पडलो’ असा लावतो. अशा वेळी कठड्याचा खांब किंवा दाराची चौकट नजरेच्या कडेला राहील असं उभं राहिलं तर बराच फरक पडतो.

पण बिछान्यात कूस बदलताना किंवा मान वर करताना सगळं गरगर फिरत असेल, तर ती भीती नव्हे. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सरावाला लागा.

भीतीची शिडी लिहून काढा

कागदावर लिहा, मनात नको. मनातल्या यादीतले अवघड प्रसंग आपोआप गळतात. प्रत्येक प्रसंगाला ० ते १०० मधला एक आकडा द्या: ० म्हणजे पूर्ण निवांत, १०० म्हणजे जीव जातोय असं वाटणं. हे माप मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी रूढ केलं आणि आजही उपचारांत तेच वापरतात. उदाहरणार्थ:

- उंच इमारतीवरून खाली काढलेला व्हिडिओ बघणं: १५
- पहिल्या मजल्याच्या बंद खिडकीतून खाली बघणं: २५
- दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत कठड्यापासून दोन पावलं मागे उभं राहणं: ४०
- तिथेच कठड्याला टेकून खाली बघणं: ५५
- पादचारी पुलाच्या मध्यावर थांबणं: ६५
- काचेच्या लिफ्टमधून वर जाणं: ८०

तुमची शिडी वेगळी असेल. काहींना लिफ्टचं काहीच वाटत नाही, पण फटीतून खालचं दिसणारा लोखंडी जिना समोर आला की पाचावर धारण बसते. दोन पायऱ्यांत फार अंतर पडलं तर मधे आणखी एक घाला. जागा मात्र भक्कम कठड्याचीच हवी. उघडा कडा, बांधकाम, कठडा नसलेलं छत या जागा सरावाच्या नाहीत, तिथे भीती वाटणं बरोबरच आहे.

चढण्याआधी भाकीत लिहा

‘खूप भीती वाटेल’ हे भाकीत नव्हे. काय घडेल ते नेमकं लिहा: कठडा मोडेल, पाय लटपटून मी खाली बसेन, शुद्ध हरपेल. मग परत आल्यावर काय घडलं ते त्याच्यासमोर लिहा. शुद्ध हरपण्याचंच घ्या. रक्त किंवा सुई बघून घाबरणाऱ्यांचा रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून ते कोसळतात. उंचीच्या भीतीत सहसा उलट होतं, छाती धडधडते आणि रक्तदाब चढतो, त्यामुळे बेशुद्ध पडणं विरळाच.

एक भाकीत लोक शरमेने लिहीतच नाहीत: ‘मीच उडी मारीन.’ कठड्याशी उभं असताना अशी ओढ जाणवणं फार सर्वसाधारण आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मनात आत्महत्येचा विचार कधीच आला नव्हता, त्यांच्यापैकीही निम्म्याहून अधिक जणांनी ही ओढ अनुभवल्याचं सांगितलं. त्या अभ्यासकांचा तर्क असा की शरीर घाईने माणसाला मागे ओढतं, आणि मन नंतर त्याचा उलटा अर्थ लावतं: मी मागे झालो, म्हणजे मला उडी मारायची असणार. मात्र जगणं नकोसं झालं असेल आणि हे विचार कठड्यापासून दूर असतानाही येत असतील, तर सराव बाजूला ठेवा आणि आजच जवळच्या माणसाला व डॉक्टरांना सांगा.

पायरीवर थांबा

सगळं काम इथे आहे. ठरलेल्या जागी उभे राहा, खाली बघा, भीतीचा ० ते १०० मधला आकडा ठरवा. सुरुवातीला तो चढेल, तळपायांना मुंग्या येतील, पोटात खड्डा पडेल. बहुतेक लोक नेमके याच वेळी मागे फिरतात. मागे फिरताच हायसं वाटतं, आणि मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आधीच घाबरवतो. म्हणून आकडा साधारण निम्म्यावर येईपर्यंत तिथेच राहा. कधी दहा मिनिटं लागतील, कधी पाऊण तास. अगदीच असह्य झालं तर जिना उतरून जाऊ नका, दोन पावलं मागे या, श्वास सावकाश सोडा आणि पुन्हा पुढे व्हा. धापा टाकू नका, भराभर श्वास घेतल्यानेच डोकं हलकं होतं.

जर्मन कवी गटे यांनी हे उपचारशास्त्र जन्मण्याआधीच केलं होतं. १७७० च्या सुमारास स्ट्रासबुर्गला शिकत असताना ते तिथल्या कॅथेड्रलच्या १४२ मीटर उंच मनोऱ्यावर एकटे चढत. शिखराखाली पाव तास बसून धीर गोळा करत आणि मग वरच्या चिमुकल्या उघड्या जागेवर येत. हे त्यांनी पुन्हा पुन्हा केलं, भीती उरली नाही तोपर्यंत. त्यांनी थेट शिखरच गाठलं. तुम्ही खालून सुरुवात करा.

लपलेल्या कुबड्या शोधा

कठडा घट्ट धरणं, मोबाईलमध्ये बघणं, मनात आकडे मोजणं, सोबत्याचा हात न सोडणं. या कुबड्या असल्या की भीती कमी होते, पण श्रेय त्यांनाच जातं. पहिल्या फेरीला असू द्या, नंतर एकेक काढा: दोन हातांऐवजी एक, मग एक बोट, मग काहीच नाही. सरावाआधी आपल्या मनाने चिंतेची गोळी घेणं ही यातली सर्वांत चिवट कुबडी. सोबत्यालाही आधी बजावा: ढकलायचं नाही, थट्टा नाही, अचानक मागून हात लावायचा नाही.

आठवड्यातून एकदा मोठा पराक्रम करण्यापेक्षा चार-पाच दिवस लहान सराव करा. एकाच बाल्कनीत भीती गेली तर ती फक्त त्या बाल्कनीतून गेलेली असते, म्हणून जागा बदला, वेळ बदला, एकटेही जा.

सहा महिन्यांहून जास्त काळ भीतीमुळे घर, नोकरी, प्रवास यांचे निर्णय अडत असतील किंवा पहिलीच पायरी जमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. आता आभासी दृश्यं दाखवणाऱ्या (व्हीआर) चष्म्यातूनही हा सराव करता येतो. २०१८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १०० जणांवर चाचणी घेतली. त्यातल्या चष्मा मिळालेल्यांनी सरासरी दोनेक तास काल्पनिक दहा मजली इमारतीत घालवले आणि त्यांची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी घटली. दुसऱ्या गटाला असा उपचार दिला नव्हता.

उतरण्याचा सराव वेगळा करा. चढताना नजर वर असते, उतरताना सगळी उंची पुढ्यात उघडी पडते, म्हणून वर सहज गेलेला माणूस उतरताना अडकतो. जिन्यात प्रत्येक वळणावर थांबा, खाली बघा, आकडा उतरू द्या, मग पुढची पायरी. शिडी असेल तर तोंड शिडीकडेच ठेवून उतरा.