कानाला दडे, कानात शिट्टी: या चुका टाळा

अमळनेरला माझं मेडिकल आहे. दिवसातून एकदा तरी कोणीतरी काउंटरवर कोपर टेकवून म्हणतं, "दादा, कानमा शिट्टी वाजस. कायतरी थेंब दे." मी विचारतो, एकाच कानात का दोन्हीत? कधीपासून? ऐकायला कमी येतं का? एवढ्यातच समोरचा वैतागतो. "मागे बायकोला दिले होते तेच दे ना." बायकोच्या कानाला खाज होती, याच्या कानात शिट्टी. पण कान म्हटला की औषध एकच, असा हिशेब.

कान गच्च होतो तेव्हा दाबाची भानगड बहुतेक वेळा पडद्याच्या मागे असते. थेंब पडद्याच्या पुढेच थांबतात. मग ते काय करणार?

बड्स मीही विकतो, पण कानात घालायला नाही. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मळ आपोआप बाहेर सरकत असतो, आपण बडने तो परत आत ठासतो. उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात डुंबून आल्यावर हाच ठासलेला मळ फुगतो आणि कान ठप्प. मोटरसायकलची किल्ली घालणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

लसूण कढवून तेल: नको. पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात जाईल, आणि भोक आहे की नाही हे तुम्हाला घरी दिसत नाही.

आता घाटाची गोष्ट, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. सर्दी असताना संभाजीनगरहून लग्न आटपून परत येत होतो. कन्नडचा घाट उतरायला लागलो आणि दोन्ही कान गच्च. चढताना त्रास नव्हता, कारण वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो आणि मधल्या कानातली हवा नाकामागच्या नळीतून सहज निसटते. उतरताना उलटं. बाहेरचा दाब पडद्याला आत ढकलतो, आणि सर्दीने सुजलेली नळी उघडत नाही. मला घाई. नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं आणि सगळा जोर लावून फुंकलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा डाव्या कानात 'फट्' झालं आणि समोरचा रस्ता फिरायला लागला. चाळीसगावच्या अलीकडे गाडी थांबवून उलटी केली. डॉक्टरांनी कानात बघितलं तर पडद्यावर रक्ताची रेघ. त्या कानात दीड महिना शिट्टी वाजत होती. लोकांना औषधं देणारा मी, आणि हा माझा शहाणपणा!

तेव्हापासून घाट सुरू व्हायच्या आधीच मी खिशातले फुटाणे काढतो. चावा, गिळा, मुद्दाम जांभई द्या. तेवढ्याने नाही जमलं तर नाक धरून घोटभर पाणी गिळतो. फुंकायचं नाही, गिळायचं. फुंकायचंच असेल तर अगदी हळू, आणि कान दुखेपर्यंत थांबू नका. एकदा दाब जास्त झाला की नळी आणखीच घट्ट मिटते. तान्ह्या बाळाला उतरताना दूध पाजा. सर्दीचे नाकातले थेंब चार-पाच दिवसांच्या वर घालू नका, नाक त्यांच्याशिवाय मोकळं होईनासं होतं.

कानबाई देवीच्या मिरवणुकीत डीजेसमोर नाचून दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊ नका. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० ला पंधराच मिनिटं. डीजेपासून लांब उभं राहायला पैसे पडत नाहीत.

काही बाबतीत मात्र मी काउंटरवरूनच हाकलतो: एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, आवाज नाडीच्या ठोक्यावर येतोय, शिट्टी एकाच कानात आहे, सोबत चक्कर आहे, किंवा मधुमेह असून कान ठणकतोय. यातलं पहिलं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्यांकडे जा. "आठवडाभर वाट बघू, मळच असेल" म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. स्टिरॉइड द्यायचं तर ते लवकर द्यावं लागतं, वाट बघण्यात कान जातो.

आणि कापूस. आमच्याकडे एक बाबा येतात, कापसाची सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात तीस वर्षं काढलेले. तिथे मशिनीच्या आवाजावर रुईचे बोळे कानात घालायचे. साध्या कापसाने तो आवाज कितीसा अडणार! कान गेले, शिट्टी लागली. निवृत्त झाल्यावर शिट्टी बंद व्हावी म्हणून पुन्हा तेच बोळे. खोलीचं दार लावून, कापूस घालून, आज वाजतेय का कमी झाली हे ऐकत बसायचे. मग वाजणारच! आतल्या कानाच्या मेलेल्या पेशींकडून मेंदूला काही येत नाही, म्हणून मेंदू आवाज वाढवून शोधत बसतो. रेडिओला स्टेशन लागत नसलं की आपण व्हॉल्यूम पिळतो, तसं. त्यात बाहेरचा आवाजही बंद केला की उरते फक्त खरखर.

ही शिट्टी पुसून टाकणारी गोळी अजून निघालेली नाही. मागू नका, आणि कोणी देत असेल तर पैसे जपा. उलट ॲस्पिरिन जास्त घेतली तर कान वाजतात.

बाबांना विचारलं, "उन्हाळ्यात कसं असतं?" म्हणाले, मे महिन्यात काही त्रास नाही. घर पत्र्याचं, रात्रभर कूलर. दिवाळीनंतर कूलर बंद झाला की शिट्टी सुरू. ही तक्रार हिवाळ्यात इतरांकडूनही ऐकतो, पण कूलरशी कोणी जोडत नाही. मी म्हटलं, कापूस फेका, टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावा किंवा जळगाव आकाशवाणी बारीक आवाजात ठेवा. शिट्टी बुडवायची नाही, तिच्यापेक्षा थोडा कमीच आवाज.

बाबांनी पाण्याचा पंप काढून नुसता कूलर लावला. डिसेंबरात आजी माझ्याकडे बाम न्यायला आल्या. "हाऊ माणूस हिवाळामा बी कूलर लावस," म्हणाल्या, "मी दोन गोधड्या लेस."